तीन कडवी गाऊन मरणारा हीरो

"साधी अ‍ॅसिडिटी आहे, सोमवारी घरी जाल," असं डॉक्टर म्हणाले, सून म्हणाली, आणि मुलगा तर हसत हसत म्हणाला. दवाखान्याच्या खाटेवर पडलेले टेलरकाका त्यामुळे अगदी निश्चिंत होते.

दुपारी मास्तर भेटायला आले. दोघांची दोस्ती शाळेपासूनची आणि भांडण एकच, काकांचा लाडका जुना हीरो मोठा की मास्तरांचा तलवारबाजीवाला. मास्तरांच्या मते तो निव्वळ ठोकळा, छातीत गोळी घुसल्यावरही तीन कडवी गाऊन मग मरणारा. याच वादापायी स्वतःच्या लग्नात मास्तरांनी नवरीला तासभर ताटकळत ठेवलं होतं.

काकांनी पडल्या पडल्या कळ काढली. "काल टीव्हीवर लागला होता रे आमचा हीरो. काय मरतो! तुझ्या त्या तलवारबहाद्दराला सात जन्मांत जमायचं नाही."

मास्तर खाली मान घालून संत्रं सोलत राहिले.

"खरंय गड्या," ते म्हणाले. "तुझाच हीरो मोठा."

 

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर, पाया पडतो तुझ्या," ते म्हणाले, "एक तरी शिवी घाल त्याला."