नसलेली राणी

पडद्यावर दुसरी राणी आली आणि यशोदाबाई पाणी प्यायला उठल्या.

"आई, बाटली पिशवीतच आहे," हृषीकेश कुजबुजला. तोवर ती दारापर्यंत पोचली होती. परतली तेव्हा राणीनं राजाच्या दोन्ही पोरांना रानात हाकलून दिलं होतं. मग तळ्याखालचा बोलका बगळा आला, तशी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

हृषीकेश मात्र धुमसत होता. तो शाळेत मराठी शिकवायचा आणि सोलापुरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमांची परीक्षणं लिहायचा, त्यामुळे चुका काढायची सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली. त्यात हा सिनेमा त्याच्या घरी असलेल्या पुस्तकावरच काढलेला. लहानपणी आईनं ते त्याला इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, की बगळा कधी शिंकतो तेसुद्धा त्याला पाठ होतं. मोठेपणी स्वतः उघडून वाचावं असं कधी वाटलं नाही. ती आईच्या आवाजातली गोष्ट होती. म्हणून तर आज तो हट्टानं तिला बरोबर घेऊन आला होता.

"ही राणी आणली कुठून यांनी?" सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली तरी त्याचं चालूच होतं. "पोरं बोरं वेचायला जातात आणि वाट चुकतात. किती साधं आहे. त्यात ही कैदाशीण कशाला घुसडायची?"

"व्हय की," मागून आई म्हणाली. "पन बगळा लई ग्वाड व्हता."

घरी आल्यावर तिनं दिवाबत्ती केली, भिंतीवरच्या दोन्ही फोटोंपुढं उदबत्ती फिरवली आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी ब्लाऊजचं कापड पुढ्यात घेतलं. हृषीकेशनं आतल्या खोलीत बसून सगळा राग परीक्षणात ओतला. 'मूळ गोष्टीत पोरं बोरं वेचताना वाट चुकतात; दुसरी राणी दिग्दर्शकानं पदरची घातली आहे,' असं लिहून, 'हे पुस्तक मला तोंडपाठ आहे' असंही ठणकावून दिलं. मजकूर पाठवला आणि त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळानं पुरवणी बघणाऱ्या नंदूचा फोन आला.

"सर, राणी आहे की पुस्तकात. प्रत समोर ठेवूनच बोलतोय. सहावं प्रकरण अख्खं तिचंच आहे. तुमची बोरं मात्र कुठं दिसंनात."

"नीट बघ."

"बघितलं की. आता पान छपाईसाठी लागतंय, सर. असंच छापलं तर तुमच्या नावाचं हसं होईल. काय करायचं ते लवकर सांगा."

हृषीकेशनं कपाटातून पुस्तक काढलं. पाचवं प्रकरण संपत होतं आणि लगेच सातवं सुरू होत होतं. मध्ये शिवणीला पानांची नुसती टोकं उरली होती, वेडीवाकडी, ओरबाडल्यासारखी.

ही पानं काढून टाकून त्या जागी आईनं बोरं घातली होती, आणि लहानपणभर त्याला तीच खाऊ घातली होती. परीक्षण गेलं खड्ड्यात. तिनं आपल्याला ओळखलंच नाही की काय, हे त्याला फार लागलं.

तो बाहेर आला. आईची कात्री खडूच्या रेघेवरून चालली होती, सुताइतकीही इकडंतिकडं होत नव्हती.

"आई, सहावं प्रकरण कुठं गेलं?"

कात्री थांबली. आईनं त्याच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"सापडलं व्हय तुला?"

"बोरं तू घातलीस?"

"मंग काय करू? पोरांला रानात जायाला कायतरी निमित्त नको?" ती जराशी हसली. "आमच्या माढ्याकडं पोरं बोरापायीच रानात जात्यात."

हृषीकेश हसला नाही. "एवढीही खात्री नव्हती तुला माझी? मी वाचलं असतं ते, तर काय बिघडलं असतं?" त्यानं लहान पोरासारखं पुस्तक तिच्यापुढं आपटलं. चाळिशीच्या मास्तराला हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, पण आवरेना. "पानं फाडण्याइतकं काय होतं त्यात, आई?"

आत फोन वाजायला लागला. नंदूच असणार. दोघंही जागची हलली नाहीत. फोन वाजून वाजून बंद झाला.

आईनं कात्री बाजूला ठेवली. पुस्तक मांडीवर घेऊन तिनं शिवणीतल्या त्या टोकांवरून हळूच बोट फिरवलं.

"माजी कातर अशी चालती व्हय रं?" ती म्हणाली. "म्या न्हाय फाडली, बाळा. तू सा वर्साचा व्हतास. तुज्या बापानं लगीन करून मला या घरात आनली, त्या सांजंला तूच ही पानं चुलीत घातलीस. त्यांनी हात उगारला, तवा रडत रडत म्हनलास, 'नवी आई हे वाचून परत जाईल की.'"