पिठाची गोळी

सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी संपली होती. आकड्यांचा हिशेब संख्याशास्त्रज्ञ दीक्षाकडे होता. पुन्हा पुन्हा मांडूनही निकाल बदलेना. खरी गोळी खाणारी आणि तुलनेसाठी नुसती पिठाची गोळी खाणारी मुलं सारखीच दुखणाईत राहिली. "लहान मुलं वेगळी काढून बघ," चाचणी घेणारे डॉक्टर म्हणाले. "बघितलं, सर. गट पाडत गेलं तर कुठेतरी फरक दिसेलच, पण तो खरा नसेल." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग गोळी बंद होतेय हे बाहेर बसलेल्या आईबापांना तूच सांग. त्यांची भाषा तुला येते." बाहेर बाकावर वांकिडी गावची भागीरथा लेकीला घेऊन बसली होती. दीक्षाने तिला गोळी बंद होणार असल्याचं सांगितलं. "गोळी काऊन बंद करता, मॅडम? पोरगी आता शाळेत जाऊन राह्यली." दीक्षा थकून तिच्याशेजारी टेकली. "बाई, तिच्या गोळीत औषधच नोतं. नुसतं पीठ होतं." भागीरथाने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "मंग तिले पीठच द्या न."