पाण्याची कॅन

फाल्गुनातल्या वाऱ्यानं लाँच हेलकावे खात होती, पण जानरावनं मांडीवरची पाण्याची कॅन काही सोडली नाही. नर्स झालेल्या त्याच्या रागिणीला नोकरी लागली ती या बेटावरच्या इवल्याशा बंदरात. तिकडे गावी, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं खारं पाणी पिऊन पिऊन तिच्या आईच्या किडन्या गेलेल्या.

"काका, काय एवढं जपताय?" खलाशानं विचारलं.

"गोडं पाणी. टँकरचं. पोरीसाठी. इथं चारी बाजूनं समुद्र, काय पेत असन बिचारी?"

खलाशी नुसता हसला.

धक्क्यावर एक कोळी नळाला पाइप लावून होडी धूत होता. जानरावनं ओंजळभर पाणी चाखून पाहिलं. गोडं! त्याचं डोकंच फिरलं.

"भर समुद्रात गोडं, अन् आमच्या वावरात खारं? काहून?" तो कोळ्यावरच खेकसला. कोळ्यानं गडबडून नळ बंद केला.

चार दिवसांनी परतीच्या लाँचवर तोच खलाशी भेटला.

"काका, आता कॅनमध्ये काय? मासळी?"


"पाणीच हाये," जानराव दुसरीकडे पाहत म्हणाला. "पोरीच्या मायसाठी."