फाटकावरचा गुलाब

स्ट्रुमा नदीच्या दोन्ही काठांवर, उगमापासून समुद्रापर्यंत, वेलींमधलं पेंचोइतकं कळणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. असं खुद्द पेंचोचंच म्हणणं होतं. हे सांगताना तो ज्या फाटकाला टेकून उभा होता, त्यावर चढवलेल्या चार गुलाबवेलींना तीन वर्षांत एक फूल आलं नव्हतं.

“फुलला का?” दोन्कानं विचारलं. दर रविवारी चर्चमधून परतताना ती फाटकाशी थांबायची आणि चीज घातलेली गरम बानित्सा त्याच्या हातात ठेवायची. आत मात्र पाऊल टाकायची नाही.

“पानं बघ. इतकी हिरवी पानं गावात कुणाची आहेत?”

“पानंच हवी असती तर कोबी लाव म्हटलं असतं.”

दोन्का त्याची बायको. घर सोडून ती फार लांब गेली नव्हती. समोरच्या गल्लीत, विधवा बहीण मीताकडे राहायची. कारण पेंचोच्या मते क्षुल्लक होतं. दोन्काच्या आईनं लावलेल्या गुलाबाची सावली द्राक्षांवर पडत होती, म्हणून त्यानं तो मुळासकट उपटला. त्यावर दोन्का चर्चच्या पायरीवर उभी राहून, पाद्रीबाबांसकट सगळ्या गावासमोर म्हणाली, “याच्या फाटकावर गुलाब फुलेल, त्या दिवशी मी घरी येईन.”

असा शब्द त्या गावात मोडत नाहीत. मोडलाच, तर नातवंडांच्या लग्नातसुद्धा लोक त्याची आठवण काढतात.

पेंचोनं त्याच शरदात रोपं आणून लावली. शेणखत घातलं, राख घातली, अंड्यांची टरफलं घातली, द्राक्षांचा चोथा घातला. घरात जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. समोरची रिकामी दिसू नये म्हणून तो तिच्यावर आपली टोपी ठेवायचा आणि सूप पिता पिता टोपीला द्राक्षांवरच्या भुरी रोगाबद्दल सांगायचा. चाळीस वर्षं दोन्काला तेच सांगत आला होता. टोपी जास्त लक्ष देऊन ऐकते, असं त्याला कधीकधी वाटायचं, आणि मग तो अर्धं सूप तसंच टाकून उठायचा.

“छाटणीत तर कमी पडत नाहीयेस ना?” फाटकाबाहेरून दोन्का म्हणाली.

“मी? छाटणीत?”

“नाही, तुझ्यासारखा हात कुणाचा आहे? मी तर म्हणते, अजून जोरात छाट.”

जूनच्या बाजारात त्याला झ्लातका भेटली. रोपं तिच्याकडूनच घेतली होती. त्यानं तिला चार माणसांत फैलावर घेतलं.

“काका, छाटता का?”

“म्हणजे काय. फेब्रुवारीत, संत त्रिफोनच्या दिवशी, सगळं गाव द्राक्षं छाटतं तेव्हाच. काडीवर फुटीचे दोन डोळे ठेवतो, बाकी साफ. वर रिवाजाप्रमाणे वाइन ओततो.”

झ्लातकानं हातातली कुंडी खाली ठेवली. “काका, द्राक्ष नव्या फुटीवर येतं. हा गुलाब गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतो. तुम्ही दरवर्षी फुलंच कापून टाकताय. काड्या लांब वाढू द्या आणि आडव्या बांधा.”

“आणि वाइन?”

“वाइन तुम्ही प्या.”

पुढच्या त्रिफोनला सगळं गाव मळ्यात गाणी म्हणत छाटत असताना पेंचो घरात दार लावून बसला. हात शिवशिवत होते, म्हणून ते मांडीखाली घेतले. दुपारी शेजारच्या कोलीचोनं भिंतीवरून विचारलं, “पेंचोदादा, आजारी आहेस की धर्म बदललास?” त्यानं तेही गिळलं.

मे महिन्यात कळ्या आल्या. त्यानं त्या मोजल्या, मग चष्मा लावून पुन्हा मोजल्या. एकतीस.

रविवारी त्यानं दोन्काला हात धरून फाटकापाशी आणलं. ती बराच वेळ वर बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पेंचोच्याही आलं.

“कधी उमलतील?”

“लाल टोकं दिसतायत. बुधवारी, फार तर गुरुवारी. मीताला सांगून ठेव, बोचकं बांधायला लाग.”

“नक्की बुधवारी?”

“वेलींमधलं मला कळतं, दोन्का.”

सोमवारी सकाळी त्यातल्या अकरा कळ्या नव्हत्या.

मंगळवारी आणखी पंधरा गेल्या. पेंचोनं आधी किड्यांना शिव्या दिल्या, मग कोलीचोच्या शेळीला. मग देठ जवळून पाहिले. प्रत्येक काप तिरका, स्वच्छ, डोळ्याच्या बरोबर वर. शेळीला एवढी शिस्त कुठून येणार? हे माणसाचं काम होतं, आणि माणूस चांगल्या छाटणाऱ्याच्या हाताखाली शिकलेला होता. कोलीचोनं सात हंगाम त्याच्या हाताखाली काढले होते.

बुधवारी तांबडं फुटायच्या आत पेंचो हातात फावडं घेऊन वाइनच्या रिकाम्या पिंपामागे दबा धरून बसला. कोलीचोला काय काय बोलायचं, ते त्यानं मनात क्रमानं लावून ठेवलं. गुडघे दुखायला लागले. कोंबडा आरवला. मग फाटकाबाहेर पावलं वाजली, कुणीतरी फळांचं खोकं पालथं घालून त्यावर चढलं आणि कात्रीचा आवाज झाला. एक. दुसरा. तिसरा.

पेंचो फावडं उगारून बाहेर धावला.

खोक्यावर दोन्का उभी होती. तिच्या ॲप्रनच्या खिशात कळ्या होत्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं, मग वरच्या काडीवर राहिलेल्या दोन कळ्यांकडे.

“उठलाच आहेस,” ती म्हणाली, “तर जरा शिडी आण. तिथवर माझा हात पोचत नाही.”