तळहात

नोकरीची ऑनलाइन मुलाखत सुरू होणार, तेवढ्यात आप्पांच्या हातून लेकीचा लॅपटॉप फरशीवर पडला. बटण दाबलं तरी स्क्रीन काळीच राहिली. ‘बंद पडला की गं,’ आप्पा म्हणाले. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेले. माग अडखळला की ते तळहात टेकवूनच बिघाड ओळखायचे. लहानपणापासून डबा नेणाऱ्या लेकीनं ते कितीदा पाहिलेलं. तिनं लॅपटॉपवर तळहात टेकवला. मग आप्पांचा हात ओढून तिथं ठेवत मोठ्यानं म्हणाली, ‘पंखा फिरतोय की आप्पा. नुसती स्क्रीन गेलीय.’ सेटटॉप बॉक्सची वायर काढून तिनं लॅपटॉपला जोडली. टीव्हीवर साहेब दिसू लागले. ती बोलू लागली. आप्पांना शब्दही ऐकू येईना. त्यांनी हळूच तिच्या पाठीवर तळहात टेकवला. तिचा आवाज हाताला लागला. कुठंच अडखळत नव्हता.