बारा वळणं

वेबसाइटवरून चित्रफीत दुसऱ्यांदा परत आली. खाली शेरा तोच: ‘नजर पुढे नाही. प्रत्येक वळणावर मागे जाते.’

बुर्गीने मोबाइल बापासमोर धरला. वेंडेलिनने डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या खांबाला टेकून शेरा वाचला आणि मोबाइल परत दिला. एकतीस हिवाळे तो याच उतारावर लहान मुलांना स्की शिकवत आला होता. पुढे तो, मागे पोरांची रांग. वळण आलं की मान मागे, पोरं आहेत ना बघायचं, मग पुढचं वळण. खाली पोचल्यावर एकेका टोपीवर हात ठेवून मोजदाद. ती मान आता ऐकत नव्हती.

गावची लिफ्ट रविवारी कायमची बंद होणार होती. बर्फच पडत नाही, तर चालवायची कुणासाठी? वर हिमनदीवरच्या मोठ्या स्की-शाळेत शिक्षकाची जागा होती, पण त्यांना या वेबसाइटचं प्रमाणपत्र हवं होतं. धडे बघायचे, बारा वळणांची चित्रफीत पाठवायची, संधी तीनच. नजरेचा धडा वेंडेलिनने चारदा पाहिला होता. त्याच्या निम्म्या वयाचा एक जण त्यात गोड हसून सांगायचा, उतारावर मागे काहीच नसतं. हे ऐकलं की वेंडेलिनचं डोकं फिरायचं.

उरलेला बर्फ म्हणजे गवतातून उतरणारा एक मळकट पट्टा. बुर्गी स्कीवर त्याच्या मागून येत चित्रण करणार होती.

“बाबा, मागे फक्त मी आहे,” ती म्हणाली. “तीस वर्षांची घोडी. हरवणार नाही.”

“मोजायला सोपी आहेस.”

“मोजूच नका. आता मान वळली, तर पुढचा हिवाळा घरी बसून माझ्या हातचं जेवावं लागेल.”

“मग नाही वळवत,” तो म्हणाला आणि निघाला.

पहिल्या तीन वळणांना मान नुसती ओढ घेत होती. त्याने दात आवळले. पाचव्या वळणाला पाठीमागे काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं, तरी त्याने डोळे पुढच्या बर्फावरून हलू दिले नाहीत. दहा, अकरा, बारा. खाली थांबला तेव्हा त्याला लहान पोरासारखा आनंद झाला होता. मग तो वळला.

बुर्गी वर अर्ध्यावर पडली होती, बर्फ विरून माती लागते तिथे. एक पाय नको तसा वाकला होता. हात मात्र उंच होता, आणि मोबाइल अजून त्याच्याकडे रोखलेला.

तो स्की काढून धापा टाकत वर चढला. कधी पडलीस, विचारलं. पाचव्या वळणावर, ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हाक का नाही मारलीस?”

“मारली असती तर तुम्ही मागे पाहिलं असतं.” तिने मोबाइल पुढे केला. “बाराही आलीत. पाठवून द्या.”

मोबाइल न घेता तो तिच्याशेजारी चिखलात बसला. सवयीने त्याचा हात तिच्या टोपीवर गेला. पण एकापर्यंतसुद्धा त्याला मोजता येईना.