कौस्तुभचे ठोके

फोन स्पीकरवर होता, म्हणून हर्षालीलाही सगळं ऐकू आलं.

"कौस्तुभ सर, घाबरू नका, पण तुमचे ठोके कालपासून ठीक नाहीत." पुण्याच्या ऑफिसातून उत्कर्षा मॅडम बोलत होती. घरून काम करणाऱ्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायला कंपनीने तिला नेमलं होतं. "बसल्या जागी धावल्यासारखे पडतायत, मध्येच एखादा चुकतोय. आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. आणि दोन दिवस लॅपटॉपला हात लावायचा नाही. भरपगारी रजा!"

कौस्तुभ सोफ्यावर मांडी घालून प्याजकचोरी खात होता. त्याच्या मनगटावर काही नव्हतं. पावलं आणि ठोके मोजून पुण्याला कळवणारं कंपनीचं घड्याळ हर्षालीच्या हातात होतं आणि त्याच हाताने ती कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होती. जयपूरच्या जगतपुऱ्यात मे महिन्यात कूलरला माणसापेक्षा जास्त तहान लागते.

कंपनीत चालण्याची स्पर्धा होती. घरून काम करा, पण बुड हलवा, एवढाच तिचा हेतू. कौस्तुभने बुड हलवलं नाही, घड्याळ हलवलं. ते बायकोच्या हातात बांधून टाकलं. तिची बँक, तिचा भाजीबाजार, तिचे जिने, सगळं त्याच्या नावावर चढत गेलं आणि गडी पहिला आला. आता सोमवारी तो सगळ्या कंपनीला स्क्रीनवरून सांगणार होता, की घरात बसूनही माणूस इतका ठणठणीत कसा राहतो. लाज तर त्याने केव्हाच कोळून प्यायली होती.

हर्षालीने बादली खाली ठेवली. कालपासून बँकेच्या जिन्यात तिला मध्येच थांबावं लागत होतं. छातीत धडधडतंय, असं तिने रात्री सांगितलं तेव्हा हा म्हणाला होता, "ऊन लागलं असेल. लिंबूपाणी घे."

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"ऐकलं ना! दोन दिवस, भरपगारी!" त्याने उशी ओढली आणि आडवा झाला.

"कौस्तुभ, ठोके माझे आहेत."

"अगं, आहेतच. पण नाव माझं आहे ना!"

"मला डॉक्टरकडे जायला हवं."

"सोमवार होऊ दे. मग दाखवू तुला कुणाला तरी. आत्ता काही बाहेर फुटलं, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला." मग तो जरा मऊ झाला. "तूही कर ना आराम, मी कुठे नाही म्हणतोय? चहा टाक आणि मग खुशाल आराम कर."

तेवढ्यात त्याचा फोन टुणटुणायला लागला. बातमी ऑफिसच्या ग्रुपवर पोचली होती. फुलं आली, जोडलेले हात आले. 'सर, जपा.' 'सर, तुम्ही आमची प्रेरणा आहात.' एकाने तर मारुतीला नारळ बोलला होता. कौस्तुभ एकेक मोठ्याने वाचत गेला.

"बघितलंस? एवढा लांब जयपूरला येऊन बसलो, पण माणसं तोडली नाहीत मी."

हर्षालीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या नारळावर तरी निदान तिचा हक्क होता. तरीही तिचे पाय स्वयंपाकघराकडे वळले, आधण चढलं, आणि त्या पायांचीही तिला किळस आली. ओट्याला धरून ती उभी राहिली. ठोके आता कानात पडत होते.

पुन्हा फोन. पुन्हा उत्कर्षा मॅडम. "सर, तुम्ही अजून हिंडताय! मला इथे दिसतंय सगळं. बसा बघू एका जागी!"

"हो मॅडम, बसलोच," कौस्तुभ पडल्या पडल्या म्हणाला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "हर्षाली, बस ना जरा! माझी विश्रांती मोजतायत तिकडे!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, 'बस जरा' असं तो तिला आज पहिल्यांदा म्हणाला होता. तेही पुण्याहून फोन आला म्हणून.

तिने गॅस बंद केला. चहा अजून कच्चाच होता. बाहेर येऊन तिने हातातलं घड्याळ सोडलं आणि त्याच्या मनगटावर घट्ट बांधलं.

"हे काय?"

"तुझं घड्याळ. सांभाळ."

"आणि चहा?"

तिने पर्स उचलली. स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि परत खुंटीला लावली. आज स्वतःचा भरवसा नव्हता. लिफ्टमध्ये ती भिंतीला टेकून उभी राहिली.

गेटवर देवराम वॉचमनने तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता आपली खुर्ची पुढे केली. रस्त्यावर धावत जाऊन त्याने ऑटो थांबवली, तिला हाताला धरून आत बसवलं. "अस्पताल," त्यानेच ऑटोवाल्याला सांगितलं.

वरून हाक आली. कौस्तुभ बाल्कनीत उभा होता आणि घड्याळाचा हात हवेत नाचवत होता.

"हर्षाली! अगं, मॅडमचा फोन आला! ठोके एकदम नॉर्मल! तुला काहीसुद्धा झालेलं नाहीये! वर ये!"

देवरामला मराठी येत नव्हतं. त्याने वर पाहिलं, मग आत वाकून काळजीने विचारलं, "साहब क्या बोल रहे हैं, मैडम जी?"

हर्षालीचा एक हात छातीवर होता, दुसऱ्याने तिने ऑटोची दांडी धरली होती.

"कुछ नहीं, भैया," ती म्हणाली. "कह रहे हैं, वो ठीक हैं."